बेकाराचं केळवण

"अहो, आता याला प्रमोशन द्या," असं म्हणून हेमाआत्यांनी माझ्या वाटीत तिसऱ्यांदा आमरस ओतला.

हे त्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांचे यजमान विसपुते साहेब टेबलाच्या पलीकडे माझ्या बरोबर समोर बसले होते. आमच्या कंपनीत मनुष्यबळ विभागाचे प्रमुख. पाच आठवड्यांपूर्वी त्यांनीच मला कामावरून काढलं होतं.

साहेबांनी मांड्याचा तुकडा मोडला, रसात बुडवला, शांतपणे चावला आणि म्हणाले, "नाव विचाराधीन आहे."

"थँक्यू साहेब," मी म्हणालो.

"साहेब कसले आता? काका म्हणा," आत्या म्हणाल्या.

"थँक्यू काका."

काकांना ठसका लागला. आत्यांनी त्यांच्या पाठीवर थापटलं आणि रस जपून खायला सांगितलं. माझ्या शेजारी कस्तुरी बसली होती. हेमाआत्या तिच्या सख्ख्या आत्या. आमचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि हे आमचं सातवं केळवण होतं. सनमायकाच्या टेबलावर माझ्या ताटाभोवती रांगोळी काढली होती. माझा उजवा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता, त्यामुळे रांगोळीचा एक मोर हळूहळू कोशिंबिरीच्या दिशेने सरकत होता. कस्तुरीने कोणाला दिसणार नाही अशा बेताने माझ्या पायावर पाय ठेवला. मी डावा हलवायला लागलो.

ही सोयरीक साहेबांनीच जुळवली होती. भाचीसाठी मुलगा बघा म्हणून आत्यांनी त्यांच्यामागे तगादा लावला, तेव्हा ते ऑफिसात गेले आणि कामगारांच्या फायलींचं कपाट उघडलं. बाकीचे लोक पत्रिका बघतात, साहेबांनी हजेरी बघितली. निनाद दुसाने, आडनाव आपल्यातलं, तीन वर्षांत एकही खाडा नाही, रक्तगट बी पॉझिटिव्ह, भांडणाची नोंद नाही. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी माझी ओळख करून दिली तेव्हा कस्तुरीच्या वडिलांना माझ्याबद्दल विचारायला काही शिल्लकच राहिलं नाही. सुपारी फुटली. त्यानंतर दीड महिन्याने साहेबांनी त्याच कपाटातून माझी फाइल दुसऱ्यांदा काढली.

आमची कंपनी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या बनवायची. कुकर नाही, नुसत्या शिट्ट्या. मी तपासणी विभागात होतो. वाफेच्या नळीवर शिट्टी बसवायची, ऐकायची, बरी वाजली तर उजव्या ट्रेमध्ये, नाहीतर डाव्या. मग मालकांनी ठरवलं की तयार शिट्ट्या गुजरातेतून आणायच्या आणि इथे फक्त डब्यात भरायच्या. डब्यात भरायला ऐकणारा माणूस लागत नाही. ऐकणारे आम्ही अठरा जण होतो. साहेबांनी आम्हाला मीटिंग रूममध्ये बोलावलं, प्रत्येकाला एक समोसा आणि एक पत्र दिलं, आणि मोठ्या आपुलकीने समजावलं की तुमचा कामगार विमा कापला जात होता, त्यामुळे तुम्हाला बेकारी भत्ता मागता येईल, तीन महिने, पगाराच्या निम्म्याच्या आसपास. तो तुमचा हक्क आहे, लाजू नका. सगळे बाहेर पडल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"तुम्ही मात्र लाजा," ते म्हणाले. "लग्न होईपर्यंत तरी."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. अर्जासोबत मी सध्या बेकार आहे असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं लागायचं, आणि कस्तुरीचे वडील, म्हणजे माझे होणारे सासरे अहिरराव, नाशिकच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून स्टॅम्प पेपरच विकायचे. कागद देताना ते वहीत नाव लिहितात आणि कशासाठी हवा ते विचारतात. दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतला असता, पण तिथले सगळे टेबलवाले एकमेकांच्या डब्यात जेवतात. म्हणून मी एका सकाळी सिन्नरला गेलो. तिथल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने माझं नाव वहीत लिहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, तुम्ही आमच्या अहिररावांचे जावई ना? साखरपुड्याला मी होतो की, जिलबी फार छान होती. मग कशासाठी हवा म्हणाला. मी म्हणालो भाडेकरारासाठी, त्याने कागदावरही तसंच लिहिलं, म्हणजे अर्जाला तो कागद बाद. त्याने मला चहा पाजला, जावयाकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून कागद फुकट दिला आणि संध्याकाळी अहिररावांना फोन करून जावईबापूंनी नवीन फ्लॅट घेतल्याबद्दल अभिनंदन केलं. तो फ्लॅट मला पुढे दोन केळवणांत नाकारावा लागला. माझ्या विनयशीलपणाचं कौतुक झालं.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. मी सातपूरला एका खोलीत एकटाच राहायचो, आईवडील सटाण्याला. रोज सकाळी हेल्मेट घालून निघायचो आणि गाडी नेईल तिकडे जायचो. कामावर असताना जाळलं नव्हतं इतकं पेट्रोल मी त्या महिन्यात जाळलं. एकदा विम्याच्या ऑफिसासमोरून चार वेळा गेलो. पाचव्यांदा वॉचमनने हात केला तेव्हा मी असा काही वेग घेतला की पुढच्या चौकात पोलिसाने अडवलं. कुठे निघालात एवढ्या घाईत, तो म्हणाला. मी म्हणालो, कामावर.

बाकी वेळ केळवणं. इतकं भरगच्च वेळापत्रक मला नोकरीत कधी नव्हतं. मावशीकडे श्रीखंड, मामांकडे बासुंदी, आणि प्रत्येक ठिकाणी औक्षण, विडा, पाकीट. ती पाकिटं फोडून मी खोलीचं भाडं भरलं. म्हणजे मी माझ्याच लग्नाच्या आहेरावर जगत होतो, आणि तो आहेर मला नोकरी असल्याबद्दल मिळत होता.

जेवण झालं. आत्या आणि कस्तुरी ताटं उचलायला लागल्या, तसं साहेबांनी मला बाल्कनीतला नवा कूलर बघायला बोलावलं. कूलर जुनाच होता. त्यांनी तो फुल केला आणि त्याच्या घरघरीच्या आडोशाने विचारलं, अर्ज केला नाही ना.

मी म्हणालो, नाही, पण उद्या करतो. खरं तर मी काहीच ठरवलं नव्हतं. गेला महिनाभर मी रोज सकाळी अर्ज करायचं ठरवत होतो आणि दुपारी न करायचं.

"तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "लग्न होऊ द्या."

"मग करू?"

ते विचारात पडले. लगेच कसा करणार, ते म्हणाले. दिवाळसण आहे. पहिल्या दिवाळीला सासरे अंगठी घालतात, त्याच्या आधी कसं सांगणार. बरं, दिवाळी झाली की संक्रांत. जावयाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, तिथे हा विषय शोभणार नाही. आणि पुढच्या वर्षी अधिक महिना येतोय, धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, त्यात आपण बेकारी काढली तर अहिररावांना काय वाटेल. साहेबांच्या त्या पंचांगाप्रमाणे मला बेकार व्हायला सव्वा वर्षानंतरचा मुहूर्त निघत होता.

"त्यापेक्षा तुम्ही मला परत का घेत नाही?" मी म्हणालो. "नाहीतरी प्रमोशन देताय."

साहेब कूलरच्या पात्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला पण काढलं."

मला वाटलं कूलरमुळे मी काहीतरी भलतंच ऐकलं. पण शिट्ट्या ऐकून ऐकून माझे कान चांगले तयार झाले होते.

"कधी?"

"तुमच्यानंतर बारा दिवसांनी. तुम्हा सगळ्यांना काढून झाल्यावर मनुष्यबळ विभागाला काम उरलं नाही."

"पत्र कोणी दिलं तुम्हाला?"

"मीच टाइप केलं. मजकूर मलाच येत होता. मालकांनी फक्त सही केली."

समोसा मिळाला का, हे मी विचारलं नाही. मी म्हणालो, मग साहेब, तुम्हीसुद्धा भत्त्याचा अर्ज करा, आपण बरोबरच जाऊ. त्यांनी मान हलवली. त्या विम्याला पगाराची मर्यादा असते. ते मर्यादेच्या वर होते. "म्हणजे, होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी मला पुढचं समजावलं. मी अर्ज केला की अहिररावांना कळणार. त्यांना कळलं की बहिणीला, म्हणजे हेमाला, कळणार. हेमा विचारणार, भाचीच्या नवऱ्याला काढलं तेव्हा तुम्ही काय करत होतात. आणि मग ती कंपनीत फोन करणार. बोलता बोलता त्यांनी माझा दंड धरला होता. इतका वेळ निनादराव म्हणणारे साहेब एकदम ऑफिसातल्यासारखं म्हणाले, "दुसाने, विनंती आहे. करू नका."

त्रेपन्न वर्षांचा माणूस. शर्ट कडक इस्त्रीचा. रविवार असूनही खिशाला दोन पेनं.

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात आतून हाक आली की औक्षण करायचंय, पुरुषमंडळी कूलरमधून बाहेर या.

आम्हाला पुन्हा टेबलापाशी बसवलं. आत्यांनी ओवाळलं, माझ्या हातात पाकीट आणि कस्तुरीच्या हातात साडी दिली, विडा पुढे केला आणि मागे घेतला. आधी उखाणा. हे होणारच होतं. मागच्या सहाही केळवणांत माझे उखाणे गाजले होते. जावई विनोदी आहे ही बातमी त्यांच्या नातेवाइकांत पसरलेली होती आणि लोक माझ्याकडे बसस्टॉपवरच्या माणसाने बसकडे बघावं तसे बघायचे. मी एक तयार करूनही आणला होता, त्यात गोदावरी होती आणि मिसळ होती. पण डोक्यातून तो अधिक महिना जाईना. साहेब समोर बसून माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि आतून निघालं ते असं:

"शिट्ट्यांच्या कंपनीने हातात दिला नारळ,
कस्तुरीचं नाव घेतो, बेकारी भत्ता मागतो सरळ."

आत्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली. कस्तुरीने टाळ्या वाजवल्या. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच आठवडे जे वाक्य मी टाळत होतो ते मी मोठ्याने बोललो होतो, आणि त्याला दाद मिळाली होती.

"पुन्हा घ्या, पुन्हा घ्या," आत्या मोबाइल शोधत म्हणाल्या. "मी ग्रुपवर टाकते. दादाला तर फार आवडेल." दादा म्हणजे अहिरराव.

त्यांनी मोबाइल समोर धरला. जरा हळू म्हणा म्हणाल्या. मी हळू म्हटलं. एकेक शब्द सुटा, बातम्या सांगतात तसा. आत्या आवाज न करता हसत होत्या, मोबाइल हलू नये म्हणून. मी सरळ म्हणून थांबलो, तेव्हा कस्तुरी हसत नव्हती. ती समोर बघत होती.

"काका का हसत नाहीयेत?" ती म्हणाली.

साहेब टेबलावरच्या रांगोळीतला एक ठिपका बोटाने दुसऱ्या ठिपक्याला जोडत होते.

"निनाद, हे खरंय?"

"खरंय," मी म्हणालो.

आत्यांचा मोबाइल चालूच होता. तो त्यांनी माझ्यावरून नवऱ्याकडे फिरवला, मुद्दाम नाही, हात वळला म्हणून. म्हणजे तुम्ही काढलंत का याला, त्यांनी विचारलं. आपल्या पोरीच्या नवऱ्याला? आणि मघाशी तोंड वर करून प्रमोशन देत होतात? साहेब म्हणाले, कंपनीचं धोरण होतं. आत्या म्हणाल्या, धोरण गेलं खड्ड्यात, उद्या सकाळी पहिलं काम हे, याला परत घ्यायचं.

"तुमच्या हातात नाही म्हणू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातात काय काय आहे ते मी वीस वर्षं ऐकतेय."

"बरं," साहेब म्हणाले. "उद्या बघतो."

"झालं तर मग," आत्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात विडा ठेवला.

मला माझी नोकरी परत मिळाली होती. ज्याच्याकडे स्वतःची नव्हती त्याने ती दिली होती, पण हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. कस्तुरीने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी विडा खाल्ला असता तर दुपार तिथेच मिटली असती. उद्या सकाळी साहेब आणि मी, दोघेही हेल्मेट घालून निघालो असतो. मी दोन वेळा उठलो आणि दोन वेळा बसलो.

"काका, मला परत घेऊ नका," मी म्हणालो. "मी उद्या भत्त्याचा अर्ज करतोय."

आत्यांना वाटलं मी रागावलोय. त्या मला समजवायला लागल्या की काकांचं मन वाईट नाही, त्यांनी एकदा शब्द दिला की दिला. साहेब तेव्हा खुर्चीत सरळ बसले. शर्टाचं वरचं बटण लावलं. मीटिंग रूममध्ये आमच्यापुढे उभे राहिले होते तेव्हाच्या आवाजात म्हणाले, "हेमा, मला गेल्या महिन्यात कार्यमुक्त करण्यात आलेलं आहे. त्यामुळे असा शब्द देणं माझ्या अधिकारात नाही."

आत्यांनी मोबाइल बंद केला. टेबलावर पालथा ठेवला. बाल्कनीतला कूलर आम्ही तसाच चालू ठेवून आलो होतो.

"मग रोजचा डबा कुठे खाता?" आत्यांनी विचारलं.

"गोदापार्कात."

"उन्हात?"

"झाड आहे एक."

आत्या थोडा वेळ त्या झाडाचा विचार करत असाव्यात. "मी ताक देते रोज," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत आंबत असेल."

"आंबतं थोडं," साहेब म्हणाले.

आत्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. एक ताट पुढे घेतलं, दोन मांडे वाढून घेतले, पातेल्यात तळाशी राहिलेला रस वाटीत ओतला आणि जेवायला लागल्या. त्यांचं जेवण राहिलं होतं हे आम्हाला तेव्हा कळलं. साहेब उठले, लोणच्याची बरणी आणली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. झाकण घट्ट होतं, तेही त्यांनी काढून दिलं. मग ते तिथेच उभे राहिले. बसा म्हणेपर्यंत बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं. आत्या बसा म्हणाल्या नाहीत, आणि जा पण म्हणाल्या नाहीत.

कस्तुरीने पर्स उचलली. आम्ही येतो म्हणून निघालो.

ती लिफ्टसाठी थांबली नाही. तीन मजले पुढे ती आणि मागे मी, साडीची पिशवी घेऊन. खाली पार्किंगमध्ये तिच्या स्कूटीपाशी ती वळली. कस्तुरी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याला किती दुखणार आहे हे ओळखायची तिला सवय होती. पण आता ती चेहऱ्याकडेच बघत होती.

"कधीपासून?"

"पाच आठवडे."

"म्हणजे सगळी केळवणं."

मी म्हणालो, पहिल्याच्या दिवशी सकाळी नोकरी होती, तांत्रिकदृष्ट्या. ती हसली नाही. मग मी सासऱ्यांचं टेबल, सिन्नरचा विक्रेता, तो चहा, सगळं सांगायला लागलो. ते सगळं खरं होतं आणि सगळं गमतीदार होतं, आणि मी ते बऱ्यापैकी रंगवत होतो, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी थांबलो.

"तू खरं बोललास आणि मी टाळ्या वाजवल्या," कस्तुरी म्हणाली. "आत्यासमोर, काकांसमोर. दात काढून हसले मी."

"तुला कसं कळणार होतं?"

"तेच म्हणतेय. मला कसं कळणार आहे? आज कळलं नाही, पुढेही नाही कळणार. तू मरत असलास तरी मी हसत बसणार." तिने किल्ली गाडीला लावली, फिरवली नाही. "नोकरीचं जाऊ दे. नोकऱ्या जातात. हे मला नाही आवडलेलं."

यावर मला तीन उत्तरं सुचली. तिन्ही चांगली होती.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "यमक न जुळवता."

मी साडीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. परत या हातात घेतली. एक माणूस गाडी काढायला आला, आम्ही बाजूला सरकलो, तो गेला.

"माझी नोकरी गेली," मी म्हणालो. "दुसरी शोधतोय, मिळालेली नाही. तोवर बेकारी भत्ता घ्यावा लागणार आहे. आणि मला तुझ्या बाबांची भीती वाटते. तुझी पण वाटते."

तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटच्या वाक्याला तिची भुवई जरा हलली, एवढंच. मग म्हणाली, बाबा दहाला टेबल लावतात, पण साडेदहापर्यंत कोणाशी बोलत नाहीत, अगरबत्ती विझेपर्यंत. त्यांना तू सांगणार की मी?

"मी."

"कशासाठी हवा म्हणून विचारतील."

"माहीत आहे."

"मग मी येते. बोलणार नाही, नुसती उभी राहीन." तिने मोबाइल काढला आणि लॅबमध्ये कोणाला तरी मेसेज टाइप करायला लागली.

"काय करतेस?"

"उद्याचा हाफ डे टाकतेय."

आमच्या दोघांत रजा टाकावी लागणारी आता ती एकटीच होती. हे मला तेव्हाच, तिथेच सुचलं होतं. मी बोललो नाही.